शब्दाचा हक्क आणि शब्दाचे उत्तरदायित्व

अपमानासाठी घडविलेला शब्द अपमानितांनीच उचलून आपला केला, म्हणजे त्यातील विष उतरते काय, हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात दीर्घकाळ चाललेला वाद आहे. ‘निगर’ ही गुलामगिरीच्या काळात रुळलेली शिवी या वादाच्या केंद्रस्थानी आहे. ज्या पिढीने हा शब्द झुंडशाहीच्या आणि वेगळ्या बसविलेल्या शाळांच्या संदर्भात ऐकला, तिला तो कोणाच्याही तोंडी सोसवत नाही. पुढील पिढी मात्र तो मैत्रीचे संबोधन म्हणून वापरते व त्यातच आपला विजय पाहते.

तथापि या वादाला केवळ वयाचा वाद मानणे वरवरचे ठरेल. डिक ग्रेगरी यांनी १९६४ मध्ये आपल्या आत्मचरित्राला हीच शिवी शीर्षक म्हणून दिली. हा शब्द कानी पडला तर ती आपल्या पुस्तकाची जाहिरात समजावी, अशा आशयाची अर्पणपत्रिका त्यांनी आईला उद्देशून लिहिली. रिचर्ड प्रायर यांनी १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेच्या नावात तो शब्द योजला. पण १९७९ मधील केनियाच्या प्रवासानंतर त्याचा त्याग केला. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही भूमिका नांदल्या. १९८८ मध्ये तरुण रॅप गायकांच्या ‘एन.डब्ल्यू.ए.’ या संघाने तोच शब्द आपल्या नावात गोवून पहिली ध्वनिमुद्रिका गाजविली. उलट ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या १९०९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २००७ मध्ये डेट्रॉइट येथे या शब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. त्या संस्थेच्या स्वतःच्या नावातील ‘कलर्ड’ हा शब्दही आज कालबाह्य व अनेकांना खटकणारा झाला आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. शब्द पुरल्याने इतिहास पुरला जात नाही.

या उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. शब्द वापरण्याचा हक्क वक्त्याला त्याच्या इतिहासातून मिळतो. उत्तरदायित्व मात्र श्रोत्यांच्या विस्ताराबरोबर वाढते. ग्रेगरींचे शीर्षक शिवी देणाऱ्यावर उलटविलेले होते. मित्रामित्रांतील संबोधन त्या वर्तुळातच अर्थ धारण करते. तेच संबोधन ध्वनिमुद्रिकेतून लक्षावधी गोऱ्या ग्राहकांपर्यंत पोहोचते, तेव्हा त्यामागील जखम न भोगलेल्यांच्या हाती ते आयते पडते. ज्येष्ठांचा आक्षेप येथे रास्त आहे. परंतु त्यावरून सरसकट बंदीची मागणी करणे म्हणजे शिवी देणारा व ती झेलणारा यांना एकाच तागडीत तोलणे होय.

मराठी अभ्यासकाचा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेतली, आणि दलित आत्मकथनांनी जातिवाचक शिव्या जशाच्या तशा छापून वाचकाला अस्वस्थ केले. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा (१९८९) सार्वजनिक ठिकाणच्या जातिवाचक अपमानाचा विचार करताना बोलणारा त्या समाजाबाहेरचा आहे काय, हे पाहतो. वक्ता आणि प्रसंग यांचे महत्त्व कायद्यालाही मान्य आहे. समाजांतर्गत उत्तरदायित्व मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. ते साहित्यचर्चेनेच ठरवावयाचे असते.

दुसरा संबंध भाषांतराचा. ‘निग्रो’ हा शब्द एकेकाळी प्रतिष्ठित होता. जनार्दन वाघमारे यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातही तो त्याच अर्थाने येतो. परंतु मूळ संहितेतील शिवीसाठीही ‘निग्रो’च योजला, तर ज्या भेदावर हा सारा वाद उभा आहे तो भेदच मराठीत पुसला जातो. शिवी असेल तेथे ती शिवी म्हणून कळली पाहिजे. ती कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी उच्चारतो हेही कळले पाहिजे. वर्गात ती मोठ्याने वाचण्याचे धाडस हा मात्र पांडित्याचा पुरावा नव्हे. उसन्या जखमेवर हक्क सांगता येत नाही. तिचा अर्थ जपण्याची जबाबदारी तेवढी घेता येते.