सिक्युअर बूट आजच तपासा! दिल्ली-एनसीआरमधल्या मराठीजनांना तातडीचं आवाहन

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरिदाबाद इथल्या मराठी बंधुभगिनींनो,

आपल्या संगणकातल्या ‘सिक्युअर बूट’ या महत्त्वाच्या पहाऱ्याच्या जुन्या प्रमाणपत्रांची मुदत 2026 मध्ये संपते आहे. कित्येकांच्या लॅपटॉपमध्ये तर हा पहारा बंदच करून ठेवलेला असतो. कृपया आजच पाच मिनिटं काढा आणि तपासा.

पॉवरचं बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम शोधतं आणि तो पुढे विंडोज किंवा लिनक्स सुरू करतो. सिक्युअर बूट चालू असेल तर फर्मवेअर बूटलोडरवरची डिजिटल सही आपल्याजवळच्या प्रमाणपत्रांशी ताडून पाहतं. सही जुळली नाही, किंवा तो बूटलोडर रद्दयादीत (अविश्वासार्ह ठरलेल्या फाइलींच्या यादीत) सापडला, तर त्याला चालूच देत नाही. ही पडताळणी बंद असेल तर घातक प्रोग्राम इथेच घुसू शकतो आणि अँटिव्हायरस जागा होईपर्यंत आपला कार्यभाग उरकतो.

हे घडलेलं आहे. मार्च 2023 मध्ये ‘ईसेट’ या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘ब्लॅकलोटस’चा पंचनामा जाहीर केला. काळ्या बाजारात 5,000 डॉलरला विकला जाणारा हा प्रोग्राम सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोज 11 लाही चकवत होता आणि आत शिरून बिटलॉकर व डिफेंडर ही विंडोजची संरक्षणं बंद पाडू शकत होता. त्यासाठी तो मायक्रोसॉफ्टची खरी सही असलेला, पण सदोष असा जुना बूटलोडर सोबत आणायचा. तो दोष जानेवारी 2022 मध्येच दुरुस्त झाला होता. मात्र जुन्या फाइली रद्दयादीत गेल्या नव्हत्या. चेकवरची सही खरी, पण चेकबुक चोरीला गेल्याचं बँकेला कुणी कळवलेलंच नाही, अशातला हा प्रकार.

म्हणून नुसती सही पुरत नाही, प्रमाणपत्रं आणि रद्दयादी दोन्ही ताजी लागतात. बहुतेक संगणकांत आजवर चालत आलेली मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं 2011 ची आहेत. त्यांची मुदत जून 2026 पासून संपू लागते. विंडोजच्या बूटलोडरवर सही करणारं प्रमाणपत्र ऑक्टोबर 2026 मध्ये संपतं. त्यांच्या जागी 2023 ची प्रमाणपत्रं यायला हवीत. ती आली नाहीत तरी संगणक रोजच्यासारखाच सुरू होईल, आणि खरी मेख इथेच आहे. बाहेरून काहीच बिघडलेलं दिसणार नाही, पण बूटलोडरच्या नव्या दुरुस्त्या आणि रद्दयादीतल्या नव्या नोंदी त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत.

यूपीएससीच्या तयारीसाठी जुन्या राजेंद्रनगरात, करोल बागेत, मुखर्जीनगरात राहणाऱ्या मुलामुलींना विशेष विनंती. नेहरू प्लेसला सेकंडहँड लॅपटॉप घेताना तुम्ही रॅम बघता, बॅटरी बघता, घासाघीस करता. पैसे देण्यापूर्वी सिक्युअर बूटही बघा. क्रॅक केलेलं विंडोज टाकून देतो, त्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागतं, असं कुणी म्हणालं तर तो लॅपटॉप घेऊ नका.

सर्वांनी एवढं करा:

1. विंडोजच्या सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. ‘बायोस मोड’समोर ‘यूईएफआय’ आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ‘ऑन’ दिसलं पाहिजे.

2. ‘ऑफ’ दिसलं तर घाईनं बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) शिरू नका. आधी बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि फाइलींचा बॅकअप घ्या, मगच सिक्युअर बूट चालू करा. ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसत असेल तर जाणकाराची मदत घ्याच, कारण चुकीच्या बदलानं विंडोज सुरू होणार नाही.

3. विंडोज अपडेट थांबवून ठेवलं असेल तर चालू करा. लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून फर्मवेअरही अद्ययावत करा.

4. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. जमत असेल तर विंडोज 11 वर जा, नाहीतर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा.

5. लिनक्स वापरणाऱ्यांनी फर्मवेअर आणि ‘शिम’ या लिनक्सच्या सुरुवातीच्या बूटलोडरची अपडेट लावावीत.

तारीख उलटून गेल्यावर हे आवाहन हाती पडलं, तरी काम सोडू नका. उशिरा केलेली दुरुस्तीही उपयोगाचीच.

नोएडा-गुरुग्रामच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ आहे. घरच्या ज्येष्ठांच्या आणि शेजारच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपसाठी एक सुटीचा दिवस द्या. महाराष्ट्र मंडळांनी एखाद्या रविवारी मोफत तपासणी शिबिर भरवावं. लहान कार्यालयं, क्लासेस आणि दवाखाने चालवणाऱ्यांनी प्रत्येक संगणकाची नोंद करून ही तपासणी पूर्ण करावी. कुणाच्याही सांगण्यावरून सिक्युअर बूट बंद करू नका. चालू ठेवा, अद्ययावत ठेवा आणि हा मजकूर आपल्या माणसांना आजच पाठवा.