सात-बारा तुमचा, मुरूम सरकारचा

दहा गुंठे जमीन दहा फूट खणली की 1,089 ब्रास मुरूम निघतो. हिशेब चौथीतला आहे: गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट आणि ब्रास म्हणजे 100 घनफूट. राज्यात 2021 पासून ब्रासमागे 600 रुपये रॉयल्टी आहे. ती धरली तर या एका खड्ड्यातून सरकारचे 6 लाख 53 हजार 400 रुपये होतात. ठेकेदाराला पुढे भरणीचा भाव मिळतो, डंपरवाल्याला खेपेचे पैसे मिळतात. ज्याच्या नावावर सात-बारा आहे त्याचा या मुरमाच्या किमतीत कायद्याने किती वाटा? काही नाही. त्याला मिळतं ते ठेकेदाराशी ओट्यावर बसून ठरलेलं, गाडीमागे अमुक, आणि तेही गाड्या मोजायला घरातलं कोणी बांधावर उभं राहिलं तरच.

या स्तंभात वारसनोंदी आणि हिस्सेवाटणीबद्दल लिहिलं की खूप फोन येतात. जमिनीच्या खाली काय आहे आणि ते कोणाचं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. तहसीलदारांची नोटीस आल्यावर विचारतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 48 याबाबतीत जराही आडपडदा ठेवत नाही. सरकारने सनदेत वेगळं लिहून दिलेलं नसेल, तर जिथे कुठे खनिज सापडेल तिथे ते राज्य सरकारचं. जमिनीवर असो वा जमिनीखाली. शेत, बांध, नाला, खाडी, नदीचं पात्र, जुने खड्डे अशी यादीच त्या कलमात दिली आहे. मुंब्र्याच्या नाहीतर मोठागावच्या रेतीबंदरावर ज्यांच्या पिढ्या डुबी मारून रेती काढत आल्या, त्यांना हे कलम पाठ आहे. कल्याण, भिवंडी, शहापूरच्या शेतकऱ्याला ते कळायला वेळ लागला, कारण त्याच्या टेकाडाकडे बाजाराची नजर उशिरा वळली. आता रस्ते, गोदामं, टॉवर यांच्या भरणीला मुरूम हवा आणि खडीला काळा दगड हवा. आपल्याकडे दुसरं आहेच काय? दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेला हा आपला ठाणे जिल्हा.

सगळ्या देशात हेच आहे असंही नाही. केरळात मलबारच्या जन्मी, म्हणजे पूर्ण खासगी मालकीच्या, जमिनींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं, की कायद्याने हक्क काढून घेतलेला नसेल तर जमिनीखालचं खनिज सामान्यतः जमीनमालकाचंच. आपल्याकडे तो 48 व्या कलमाने काढून घेतलेला आहे. पुढे जुलै 2024 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ठरवलं, की रॉयल्टी हा कर नव्हे. खनिज काढायला दिल्याबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला मोजलेला तो मोबदला आहे. आपल्या दहा गुंठ्यांत पट्टा देणारं सरकार. आपण फक्त संमतीपत्रावर सही करणारे.

त्या सहीची किंमत मात्र भारी पडू शकते. परवाना नसताना, किंवा परवान्यापेक्षा जास्त खोदलं तर याच 48 व्या कलमाखाली खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. समजा बाजारभाव ब्रासला हजार रुपये धरला, तर वरच्या खड्ड्याचा दंड 54 लाख 45 हजारांपर्यंत जातो. कायदा बोट दाखवतो ते खोदणाऱ्याकडे. पण पोकलेन रात्रीतून निघून जातं, जमीन जागेवरच राहते, त्यामुळे नोटीस अनेकदा सात-बारावरच्या नावाने निघते. पैसे भरले नाहीत तर इतर हक्काच्या रकान्यात बोजा चढतो. मग मुलीच्या लग्नासाठी दोन गुंठे विकायला काढले की तो बोजा पहिल्यांदा वाचला जातो. टेकाड फुकट सपाट करून देतो, वर पैसे देतो, असं सांगत कोणी दारात आलं तर आधी त्याचा परवाना बघावा. तो घरी विसरला असेल तर त्याला घरी जाऊ द्यावं.

शहरातल्यांनीही यातून सुटल्यासारखं वाटून घेऊ नये. डोंबिवलीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे, तळघराचे खड्डे पडत आहेत आणि ती जमीन सोसायटीची आहे. पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये निकाल दिला, की पायासाठी खणलेली माती त्याच बांधकामात भरावाला वापरली तर तेवढ्यावरून तिला मुरमासारखं रॉयल्टी लागणारं गौण खनिज म्हणता येत नाही. माती कशासाठी वापरली हे बघायचं. तीच माती डंपरमध्ये बसून दुसऱ्याच्या प्लॉटवर भरणीला गेली की गणित बदलतं. विकासकाच्या करारनाम्यात पार्किंगच्या चौरस फुटांवर तीन बैठका घेणाऱ्या सोसायट्यांनी या मातीबद्दल एक ओळ तरी घालून घ्यावी.

कोणाचा तरी भाचा अमेरिकेत असतोच, आणि तिथे शेतकरी गॅसवर कसे गब्बर झाले हे तो सांगतो. खरं आहे, तिथे जमिनीखालचं खासगी मालकीचं असू शकतं. पेनसिल्व्हेनियात 1979 च्या कायद्याने मालकाला उत्पादनाचा किमान आठवा हिस्सा द्यावाच लागतो. पण शेल गॅसची लाट आली तेव्हा कंपन्यांनी गॅस गोळा करण्याचा, दाबण्याचा, वाहून नेण्याचा खर्च त्या आठव्या हिश्शातून वळता करायला सुरुवात केली, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ही पद्धत कायद्यात बसते म्हणून सांगितलं. मालकी असून हिशेब दुसऱ्याच्या वहीत. हे आपल्या गाडीमागच्या हिशेबापेक्षा फार निराळं नाही.

म्हणून माझं मत असं, की आपल्या शेतकऱ्याने मुरमात वाटा मागण्याच्या फंदात पडूच नये. मुरूम त्याचा नाही, तो विकताही येत नाही. त्याच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट आहे: जमिनीत शिरू देणं. आणि तिला कायद्याचा आधार आहे. ज्या 48 व्या कलमाने खनिज काढून घेतलं, त्याच कलमात असंही आहे की जमिनीचा पृष्ठभाग व्यापल्याने किंवा बिघडवल्याने कोणाच्या हक्काला बाध आला तर भरपाई द्यायची, ती जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवायची आणि ती मान्य नसेल तर दिवाणी न्यायालयात जायचं. हा भाग कोणी वाचत नाही, कारण त्याआधीच संमतीपत्रावर अंगठा उमटलेला असतो.

गॅसच्या पाइपलाइनवाल्यांकडे बघा. ठाणे जिल्ह्यातल्या शेतांखालून त्या गेल्या आहेत. 1962 च्या कायद्याने तिथे जमीन संपादन होत नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. मोबदला बाजारभावाच्या 10 टक्के आणि पिकाझाडांचं नुकसान वेगळं. पुढे त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही. दहा टक्के अगदीच तुटपुंजे आहेत आणि त्यावर शेतकरी भांडले ते योग्यच होतं. तरी निदान दर छापलेला आहे, पंचनामा होतो आणि दंड शेतकऱ्याच्या डोक्यावर येत नाही. गौण खनिजाच्या खासगी जमिनीसाठी एवढीही चौकट सरकारने करू नये, हे मला पटत नाही. राज्याला स्वतःला हे दुःख माहीत असायला हवं. मुंबई हायमध्ये 1974 साली तेल लागलं, गॅस उरणला उतरतो, पण समुद्रातलं खनिज संविधानाच्या 297 व्या अनुच्छेदाने केंद्राचं, त्यामुळे त्याची रॉयल्टी दिल्लीला जाते.

चौकट येईल तेव्हा येईल. तोवर जमीन खोदायला द्यायचीच असेल तर भाडं क्षेत्रावर आणि महिन्यावर ठरवावं, ब्रासवर नको. म्हणजे गाड्या मोजायची कटकट राहत नाही. करार नोंदणीकृत असावा. दंड झाला तर तो खोदणारा भरेल हे त्यात असावं, आणि खड्डा बुजवण्याची अनामत आधी हातात पडावी. अशा कलमामुळे तहसीलदार थांबणार नाहीत, पण नंतर वसुलीसाठी कोर्टात उभं राहायला काहीतरी कागद लागतो. वाहतूक परवान्यांच्या आणि रॉयल्टीच्या पावत्यांच्या प्रती दर महिन्याला मागाव्यात. आणि पोकलेन शेतात उतरण्याआधी जमिनीची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने मोजणी करून नकाशा स्वतःकडे ठेवावा. किती खोदलं यावर वाद झाला की मुळात उंची किती होती हेच पहिल्यांदा विचारलं जातं, आणि त्या वेळी फक्त ठेकेदाराकडे कागद असणं परवडत नाही.