चेरीतालला ताल नाही, म्हणूनच तिथून निघू

पुण्या-नागपूरचे पाहुणे जबलपूरला आले की कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी भेडाघाट, धुवांधार, संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी, संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती आणि रात्रीची गाडी. शहर पाहिलंत का, असं विचारलं तर म्हणतात, "पाहिलं की, गाडीतून." त्यांना दोष देऊन काय उपयोग? आम्ही इथलेच मराठी लोक, कुणी भोसल्यांच्या मागे आलेले, कुणी १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीत चिकटलेले, कुणी रेल्वेतले, कुणी हायकोर्टातले. आम्ही तरी हे शहर पायी कुठे पाहिलंय? जबलपूर बावन्न ताल-तलैयांचं शहर, हे वाक्य आम्ही पोपटासारखं म्हणतो. बावन्नातली बारा नावं सांगा म्हटलं की भंवरतालच्या बागेपाशी गाडी अडते.

या तालांना जोडणारी एक पायी फेरी महापालिकेने आखावी, असा माझा आग्रह आहे. ती कशी असावी आणि कशी नसावी, त्याचे हे मुद्दे.

१. सुरुवात चेरीतालपासून करावी.

हनुमानतालपासून करा, असं सगळे सुचवतील. तिथे पाणी आहे, काठावर किल्ल्यासारखं बडा जैन मंदिर आहे, फोटो चांगला येतो. पण माझ्या मते निघायचं ते चेरीतालहून, कारण तिथे पाहायला ताल नाही. चेरीताल आज वॉर्डाचं नाव आहे, पोस्टाच्या पत्त्यातला शब्द आहे. ताल शोधत गेलात तर घरं, दुकानं, शिकवण्यांच्या पाट्या आणि दोन स्कूटर समोरासमोर आल्या की अडकणाऱ्या कुलिया सापडतील. (कुलिया म्हणजे आपला बोळ. जबलपूरच्या मराठी घरांत बोळ हा शब्द कधीच हरवला, मुलंसुद्धा कुलियाच म्हणतात.) फेरीला आलेल्या माणसाने पहिल्याच थांब्यावर विचारावं, "अहो, ताल कुठंय?" आणि त्याला सांगता यावं, "तुम्ही उभे आहात तिथे."

जे उरलंय तेवढंच दाखवणारी फेरी सहलीच्या कामाची. गेलेलं दाखवणारी फेरी नागरिकाच्या कामाची.

२. राणी, चेरी आणि दिवाण यांची गोष्ट सांगावी, पण गोष्ट म्हणूनच.

इथली आख्यायिका अशी की गढा राज्याच्या राणी दुर्गावतीने रानीताल बांधला. तिच्या दासीने, म्हणजे चेरीने, आपलाही एक असावा म्हणून चेरीताल खोदवला. दिवाण आधारसिंहाने शहराच्या दुसऱ्या टोकाला आधारताल बांधला. दुर्गावती खरी, आधारसिंह खरा, २४ जून १५६४ रोजी आसफखानाच्या मुघल फौजेशी लढताना राणीला आलेलं मरण खरं. कोणता ताल कुणी खोदवला, ही मात्र लोकांच्या तोंडची गोष्ट आहे आणि पाटीवर ती "असं म्हणतात" या शब्दांनीच सुरू व्हावी. आमच्याकडच्या पर्यटन फलकांना "असं म्हणतात" लिहायची फार लाज वाटते.

एक गंमत मात्र नोंदवतोच. राणीच्या तालाच्या जागेवर स्टेडियम आलं. दिवाणाचा ताल आक्रसला, तरी पाणी धरून आहे आणि शेजारी कृषी विद्यापीठ आहे. दासीचा ताल तेवढा पुरता घरांखाली गेला. गोष्ट खरी असो-नसो, क्रम ओळखीचा वाटतो.

आणखी एक. हे ताल गोंड राजवटीचं कर्तृत्व आहेत. मराठे इथे आले १७८१ मध्ये आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी शहर घेतलं. म्हणजे आपली कारकीर्द जेमतेम छत्तीस वर्षांची. फलकावर मराठी मजकूरही हवा, अशी मागणी आमच्यातला कुणीतरी करेलच. मी करणार नाही. हिंदीच्या शेजारी जागा उरली तर ती गोंडीला द्यावी.

३. वाट एक नको, दोन हव्यात. बावन्न तर नकोतच.

पहिली जुन्या शहराची. चेरीतालहून रानीताल. तिथून गोलबाजार, जिथल्या शहीद स्मारकात ब्योहार राममनोहर सिन्हा यांची भित्तिचित्रं आहेत. नंदलाल बोस यांच्या या शिष्याची चित्रं बघायला गोलबाजारात रोज जाणारे किती जण आत शिरतात, हा प्रश्न विचारू नये. पुढे मढाताल. तिथेही आता ताल नाही, बाजार आहे. मग श्रीनाथ की तलैया आणि बडा फुहारा. जवळच तिलक भूमी तलैया, लोकमान्यांच्या सभेची आठवण जपणारं नाव. मराठी पाहुण्यांना तिथे जरा जास्त वेळ उभं करावं. त्यानंतर कमानिया गेट, १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असलेलं ते वादळी अधिवेशन शहराबाहेर त्रिपुरीला भरलं होतं. इथे थांबून खव्याची जिलबी खावी. काळपट, जाड आणि दुपारच्या जेवणाची गरज संपवणारी. सराफा, कोतवाली करत शेवट हनुमानतालच्या पायऱ्यांवर. टाउन हॉलही याच वाटेला जोडून घ्यावा. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची ठिणगी तिथे पडली आणि पुढे ते आंदोलन नागपुरात पेटलं. सुभद्राकुमारी चौहान या जबलपूरच्या कवयित्री त्यातल्या सत्याग्रही. नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती, हे नव्या पिढीला सांगायला याहून चांगली जागा नाही. ही फेरी थांबत-थांबत तीन तासांची, आणि थांबायचं तर आहेच.

दुसरी वाट गढ्याची. देवताल, मदनमहालची टेकडी, एकाच प्रचंड खडकावर बसवलेला तो चिमुकला किल्ला, २२ मे १९९७ च्या भूकंपातही न हललेला बॅलन्सिंग रॉक, मग संग्रामसागर आणि बाजनामठ. गोंड राजा संग्रामशहाच्या राज्यात बावन्न गड होते म्हणतात आणि शहरात बावन्न ताल. बावन्न हा आकडा इथे मोजणीचा कमी, अभिमानाचा जास्त असावा, असा मला संशय आहे.

४. वाट पाण्याच्या उताराने आखावी. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

मदनमहालच्या बाजूला उघडे ग्रॅनाइटचे उंचवटे आहेत. खडकावरचं पाणी मुरत नाही, धावतं. ते उतारावर जागोजागी अडवायचं, भरलं की सांडव्याने पुढच्या खोलगटात सोडायचं, उरलेलं ओमती नाला, मोती नाला अशा ओढ्यांतून शहराबाहेर जाऊ द्यायचं, ही जुनी युक्ती. ताल म्हणजे एकेकटे खड्डे नव्हते, एकाच कामाची साखळी होती. १८८० च्या दशकात खंदारीच्या जलाशयाचं पाणी नळाने येऊ लागलं, पुढे नर्मदेचं आलं, आणि घागर घेऊन तालावर जाणं थांबलं. ज्या पाण्यावर कुणी जात नाही, तिथे आधी कचरा जातो, मग मुरूम जातो, मग नकाशा जातो. माणसं विसरली म्हणून पाणी उतार विसरत नाही. मोठा पाऊस झाला की ते आपल्या जुन्या पत्त्यावर येऊन उभं राहतं, आणि आपण वर्तमानपत्रात "सखल भाग जलमय" असं वाचतो.

नागपूरकरांना हे समजावायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात अंबाझरी ओसंडला, नाग नदी फुगली आणि लोकांच्या खालच्या मजल्यांत पाणी शिरलं. अंबाझरीच्या काठावर फिरायला जाणारे हजारो होते. पण पाणी तिथून कुठे जातं ती वाट त्यातल्या कितीजणांनी चालून पाहिली होती? काठावर गोल फिरणं वेगळं, पाण्याच्या मागोमाग चालणं वेगळं. मला दुसरी फेरी हवी आहे.

याच जबलपूर-कटनीच्या टापूतली एक गोष्ट अनुपम मिश्र यांनी १९९३ साली आलेल्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकाच्या सुरुवातीला सांगितली आहे. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई या चार शेतकरी भावांना परीस सापडतो. ते भिऊन तो राजाकडे नेतात. राजा तो ठेवून घेत नाही, चांगली कामं करा, तलाव बांधा म्हणून परत देतो. त्या भावांच्या नावाचे मोठे तलाव या भागातल्या गावांत दाखवतात. आमच्या शहराला परीस सापडला तो जमिनीच्या भावाचा, आणि त्याने तलावांचे प्लॉट झाले.

५. आधी चालायला जागा द्या.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत वस्तीतल्या फुटपाथची अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर धरली आहे. टेप घेऊन गोलबाजार ते बडा फुहारा जा. १.८ मीटरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर, दोन मोटारसायकली, एक पाणीपुरीची गाडी आणि दुकानाची पुढे आलेली पायरी सापडेल. (पाणीपुरीवाल्याला मी शेवटी उठवीन. आधी मोटारसायकली.) चांगल्या, चालण्याजोग्या फुटपाथचा हक्क हा जगण्याच्या हक्कात मोडतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे. जबलपूर जानेवारी २०१६ च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत होतं. स्मार्ट होऊन एवढी वर्षं झाल्यावर सत्तर वर्षांची बाई हनुमानतालपर्यंत न घाबरता चालत जाऊ शकत नसेल, तर आणखी काय बोलायचं?

सावली, पिण्याचं पाणी, दर किलोमीटरला बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह. एवढं झालं तर फलक नसले तरी चालतील.

६. सुशोभीकरण नको.

हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, मध्ये कारंजं, रात्री निळे-जांभळे दिवे. भिंत झाली की पावसाचं पाणी आत यायच्या वाटा बंद होतात, आणि तलावाला टँकर किंवा सांडपाणी यातलं एक निवडावं लागतं. ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी जी माणसं दिसतात, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर जी कुटुंबं भेळ खात बसतात, ती दिव्यांसाठी येत नाहीत. पाणी आणि बसायला कठडा एवढंच त्यांना लागतं.

७. आमची घरं पाडणार का?

हा प्रश्न चेरीतालमध्ये कुणीही विचारणार आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. नाही. २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तलाव, डोंगर, जंगल हे साऱ्या समाजाचं धन म्हटलं, ते मला मान्य आहे. पण पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या दारात बुलडोझर उभा करून ताल परत येत नाही. कोल्हापुरात कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचं मैदान झालं. मुंबईत धोबी तलावाला तलाव नाही. गवालिया टँकचं ऑगस्ट क्रांती मैदान झालं आणि १९४२ नंतर ते पाण्याखाली असावं असं कुणी म्हणणार नाही. गेलेल्यांची नोंद ठेवायची आणि उरलेल्यांच्या काठाची एक वीटही पुढे सरकू द्यायची नाही, एवढंच मागणं आहे. फेरीचा उपयोग इथेच होतो. ज्या काठावरून दर महिन्याला साठ-सत्तर माणसं चालत जातात, तिथे रातोरात भराव टाकणं अवघड जातं.

८. उन्हाचं काय?

मे महिन्यात कोण चालणार? कुणीच नाही. फेरी पावसाळ्यात आणि थंडीत ठेवा. या मुद्द्याला एवढं उत्तर पुरे.

९. खर्च आणि मुहूर्त.

सुरुवातीला लागतात ते एक मोठा नकाशा, दहा-बारा फलक, एक चुन्याची डबी आणि शाळांना एक पत्र. जिथे ताल होता तिथे रस्त्यावर चुन्याने त्याचा काठ आखावा. पुसला गेला की मुलांनी पुन्हा आखावा. जुने काठ कुठवर होते हे सांगणारी म्हातारी माणसं अजून वस्त्यांत आहेत. त्यांना दारासमोर खुर्च्या टाकून बसवावं, मुलांनी त्यांना विचारत पुढे सरकावं. दोन म्हाताऱ्यांचं एकमत होणार नाही, तेव्हा दोन्ही रेषा आखाव्यात.

पहिली फेरी २४ जूनला निघावी. दुर्गावतीचा बलिदान दिवस म्हणून त्या दिवशी हारतुरे होतातच आणि पाऊसही तोवर बहुधा आलेला असतो. सकाळी सात वाजता, चेरीताल. छत्री आणा, रबरी चपला घाला आणि पाऊस लागला तर आडोशाला पळू नका. कुठल्या कुलियात पाणी आधी साचतं ते त्याच वेळी दिसतं आणि तिथेच चुन्याची पहिली खूण करायची आहे.