वाचनालय संध्याकाळी उघडे हवे

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. डॉ. कलामांच्या तसबिरीला हार, दोन भाषणे, हातात पुस्तके धरून एक फोटो. वाचनाने मन निवते, एकटेपणा हलका होतो, हे व्याख्याते सांगतात आणि श्रोत्यांना ते पटतेही. पण कामावरून परतणाऱ्या माणसाला वाचनालयाच्या दाराला कुलूपच दिसत असेल, तर ते पटून उपयोग काय? पुढचे मुद्दे नगरपालिका, ग्रामपंचायती आणि वाचनालयांची कार्यकारी मंडळे यांच्यासाठी आहेत.

१. आधी आरोग्याचे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा वर्षांच्या पाहणीत पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूची जोखीम न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळली. शिक्षण, पैसा, आधीची दुखणी यांचा हिशेब धरूनही फरक उरला. नुसती वर्तमानपत्रे-मासिके वाचणाऱ्यांना एवढा लाभ दिसला नाही. अर्थात, वाचल्यामुळेच माणसे जगली असे अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. 'सहा मिनिटे वाचा, ताण ६८ टक्के कमी' हा भाषणांतला लाडका आकडा मात्र वापरू नये. तो २००९ चा, एका चॉकलेटच्या ब्रँडने करवून घेतलेल्या छोट्या प्रयोगातला आहे. वाचनाची बाजू तेवढी लंगडी नाही.

२. औषध म्हणून कोणी वाचत नाही. मजा येते म्हणून वाचतात. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा वाचकांनी संस्कार करून घेण्यासाठी संपवल्या नव्हत्या. 'चांगले काहीतरी वाचा' असे सुनावणारे मंडळ वाचक घालवते. कोणते पुस्तक किती वेळा घरी गेले हे देवघेवीच्या नोंदीत दिसतेच. नव्या खरेदीची यादी करताना ती नोंद समोर असावी. दिवाळी अंकांच्या योजनेला सभासद आपणहून येतात, कारण तिथे त्यांच्या आवडीवर कोणी शेरा मारत नाही.

३. अभ्यासिकेबद्दल बोलायला हवे, जरी ते अवघड असले. स्पर्धा परीक्षांची मुले सकाळपासून जागा धरतात, आणि घरी एका खोलीत पाच माणसे असलेल्या मुलाला ती जागा मिळालीच पाहिजे. पण अनेक ठिकाणी मुक्त वाचनाची दालनेही अभ्यासिकेत गेली. कपाटापाशी उभे राहून पुस्तक चाळणाऱ्या आजोबांच्या चपलेचा आवाजही तिथे खटकतो. त्यांनी कुठे बसायचे? दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्या एकाच खोलीत कोंबणे चुकीचे. अभ्यासिकेला शाळांचे संध्याकाळी रिकामे पडणारे वर्ग द्यावेत आणि वाचनालयात निदान एक टेबल, चार खुर्च्या गोष्टी वाचणाऱ्यांसाठी राखाव्यात. लहान मुलांसाठी खाली एक सतरंजी पुरे.

४. चष्मा. चाळिशीनंतर जवळचे धूसर होते आणि माणूस म्हणतो, 'आता वाचन होत नाही.' वाचनसंस्कृतीवरच्या परिसंवादात हे कारण क्वचितच येते. आसाममधल्या चहा-मळ्यांतल्या कामगारांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा दिल्यावर त्यांची पानखुडणी लक्षणीय वाढली, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. जो चष्मा मळ्यात उपयोगी, तो पुस्तक वाचताना का नसावा? वाचनालयात वेगवेगळ्या नंबरांचे दहा-बारा तयार चष्मे ठेवावेत आणि वर्षातून एकदा नेत्रतपासणी तिथेच भरवावी. जोडीला मोठ्या टाइपातली पुस्तके.

५. 'सगळे मोबाइलवर आहे' हे उत्तर पुरेसे नाही. २०१५ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. माणसे बाराच होती, त्यामुळे त्यावर फार भार टाकत नाही. मोबाइलवर वाचताना मधेच येणारे संदेश मात्र सगळ्यांच्याच अनुभवाचे आहेत.

६. इंग्लंडमध्ये २०१३ पासून मन खचलेल्या, चिंतेने ग्रासलेल्या माणसांना डॉक्टर पुस्तक सुचवू शकतात आणि ते सार्वजनिक वाचनालयातून घेता येते. यादी जाणकारांनी तपासलेली असते. उपचाराच्या जागी हे नाही, जोडीला आहे. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर ताटकळणाऱ्यांसाठी एक पुस्तकपेटी ठेवून सुरुवात करता येईल. नाशिकच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पेट्या तर तुरुंगातही पोचल्या आहेत.

७. आता वेळा आणि पैसा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने राज्यात गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. पण त्याच तुटपुंज्या रकमेत पुस्तके, वीज आणि ग्रंथपालाचे मानधन भागवायचे असते. अशा ग्रंथपालाला 'जरा उशिरापर्यंत थांबा' म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेसाठी दुसरा, पगारी सहायक नेमावा. खर्च स्थानिक स्वराज्य संस्थेने उचलावा. दुपारी दोन ते चार दारे उघडी ठेवली तर घरची कामे उरकलेल्या बायका येतील. साप्ताहिक सुटी रविवारी नकोच. अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते. वाचकांच्या सह्यांचा अर्ज त्याआधी मुख्याधिकाऱ्यांकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोचपावती घ्यावी.