काड्यांचा त्रिकोण

विश्रांतवाडीतील मुलांना आज मोबाइलवर गणित-विज्ञानाच्या असंख्य चित्रफिती मिळतात. बहुतेकींत नेहमीचा फळाच तेवढा काचेमागे गेलेला असतो. याच शहरात, 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्ता यांनी 2003 ते 2014 या काळात सहकाऱ्यांसह केलेल्या मिनिट-दोन मिनिटांच्या फिती आम्हांस वेगळ्या वाटतात. गुल खरवडलेल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी: चौकोन दाबताच कलंडतो, त्रिकोण ताठ राहतो. 'त्रिकोण दृढ असतो' हे वाक्य ऐकून पाठ होते (व्याख्यांचा हा सोस आम्हां भाषाशिक्षकांनाही आहेच). तो प्रतिकार मात्र बोटांनाच कळतो. फीत पाहून मूल काड्या शोधू लागले नाही, तर आमच्या लेखी ती फसली. तेव्हा पडद्याच्या खर्चाबरोबर शाळांनी वर्गागणिक काड्यांच्या पेट्या आणि हातभर नळीही मागवावी.