मिस्त्री टिकला तरच सौर पंप टिकेल

मुलचेरा तालुक्यातील शेतकरी बंधू-भगिनींनो, पंप आणि मोटारीचे काम करणाऱ्या मिस्त्री भावांनो, सरपंच आणि ग्रामसभेच्या सदस्यांनो,

येत्या २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरतील. तेव्हा धान निसवत असेल, पाऊस परतीच्या वाटेवर असेल आणि ज्याच्या बांधीत सौर पंप आहे त्याचा सगळा भरवसा त्या प्लेटांवर असेल. त्या ग्रामसभेत एक ठराव घ्या, अशी हात जोडून विनंती आहे. हा ठराव सौर पंपांच्या दुरुस्तीसाठी आहे. ती दुरुस्ती करू शकणारे आपल्याच गावातले मिस्त्री वर्षागणिक धंदा सोडत आहेत, त्यांना थांबवण्यासाठीही तो आहे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही. त्याचे कारण सविस्तर मांडतो.

आधी योजनेचे चांगले काय, ते मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना मंजूर केली. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ सुरू झाली. शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, आणि बाकीचा भार केंद्र व राज्य उचलणार. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरापर्यंत ५ चा आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप. आपल्या भागात याचे मोल पैशापलीकडचे आहे. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा माणूस साप, रानडुक्कर आणि वाघ यांच्या वाटेत उभा असतो. दिवसा चालणारा पंप जीव वाचवतो. डिझेलचा खर्चही वाचतो. म्हणून या आवाहनाचा कोणीही योजनेला विरोध असा अर्थ काढू नये. पंप हवेतच, आणि ते पंचवीस वर्षे चालायला हवेत.

अडचण त्या चालण्याची आहे.

योजनेत शेतकरी अर्ज करतो, आपला हिस्सा भरतो आणि सरकारने निवडलेल्या पुरवठादारांच्या यादीतून एक कंपनी निवडतो. त्या यादीत बसायला मोठी उलाढाल, बँक हमी, तपासणीचे दाखले आणि एकदम शेकडो पंप पुरवण्याची ताकद लागते. लगाम, गोमणी, सुंदरनगर किंवा विवेकानंदपूरच्या दुकानदाराकडे यातले काही नसते. त्याच्याकडे वीस वर्षांचा हात असतो. ऑइल इंजिनचा नोझल साफ करणे, जळालेली मोटार पुन्हा वाइंड करणे, बोअरमधून सबमर्सिबल वर काढणे, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट बदलणे ही कामे त्याने आपल्या बांधावर उभे राहून केली आहेत, आणि पुष्कळदा पैसे धान निघाल्यावर घेतले आहेत. योजनेच्या कागदात मात्र त्याला जागा नाही. शेतकऱ्याला जो पंप दहा टक्क्यांत मिळतो, तोच मिस्त्र्याला विकायचा तर पूर्ण किमतीत विकावा लागेल. ही स्पर्धा त्याने सुरू होण्याआधीच हरलेली असते.

शेतकऱ्याला स्वस्त मिळाले, मग मिस्त्र्याचे नुकसान आपण का मोजायचे, असे कोणी विचारील. तर त्याचे जे जाते ते शेवटी आपलेच जाते. जुने इंजिन आणि जुन्या मोटारी कमी झाल्या की त्याची रोजची कामे आटतात. कृषिपंपाच्या वीजजोडणीसाठी पैसे भरून थांबलेल्यांनाही सौर पंपाकडे वळवले गेले, म्हणजे नव्या मोटारी बसवण्याचे कामही गेले. सौर पंप बसवण्याच्या कामात त्याला घेतले जाते ते बहुतेक वेळा मजूर म्हणून. कंत्राट कंपनीचे, उपकंत्राट दूरच्या ठेकेदाराचे, आणि खड्डे खणणे, खांब उभे करणे, काँक्रीट ओतणे आपल्या पोरांचे. लेखी कामाचा आदेश नसतो. पैसा वरून खाली झिरपत येतो आणि शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायला सर्वांत जास्त वेळ लागतो. जोडणी आणि कंट्रोलरचे काम बाहेरून आलेला तंत्रज्ञ करतो आणि निघून जातो. ज्ञान त्याच्यासोबत परत जाते. मग आपला मिस्त्री दुकानाला कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला किंवा शहरात वायरिंगच्या मजुरीला जातो.

आणि नेमका तेव्हाच पंप बंद पडतो.

पहिली पाच वर्षे दुरुस्ती आणि विमा पुरवठादाराच्या अंगावर आहे. कुसुमच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक जिल्ह्यात किमान एक सेवा केंद्र आणि स्थानिक भाषेत मदतवाहिनी असावी, असे म्हटले आहे. मुंबई किंवा दिल्लीत बसून हे पुरेसे वाटत असेल. मुलचेऱ्यातून जिल्ह्याचे ठिकाण असलेली गडचिरोली गाठायची तर घोट किंवा आष्टीवरून चामोर्शी आणि तिथून पुढे. पावसाळ्यात दिना नदी फुगली की ती वाटही बंद होते. जिल्ह्यात एक केंद्र म्हणजे उत्तरेला कोरची आणि दक्षिणेला सिरोंचा यांच्यामध्ये कुठेतरी एक माणूस. आणि स्थानिक भाषा म्हणजे कोणती? साठ-सत्तरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसलेली आपली बंगाली कुटुंबे, पाड्यांवरचे गोंड-माडिया बांधव, प्राणहितेकडची तेलुगू बोलणारी घरे, या सगळ्यांचा आठवडी बाजार एकच आहे. ‘सकाळी चालतो, दुपारी ट्रिप होतो’ एवढे साधे वाक्य फोनवरच्या अनोळखी माणसाला समजावताना म्हाताऱ्या शेतकऱ्याचा धीर सुटतो. गावातल्या मिस्त्र्याला ते चारही भाषांत कळते.

आता निकड कशासाठी, तेही ऐका. २०१९-२० मध्ये बसलेल्या पंपांची पाच वर्षे संपली आहेत. त्यापुढच्या पंपांची एकामागून एक संपत जातील. मुदत संपली की कंपनी मोकळी. कंट्रोलरला परवलीचा शब्द आहे, त्याच्या बिघाडाच्या खुणांचा तक्ता कोणाकडे नाही, सुटा भाग तालुक्यात मिळत नाही आणि ज्याने ही दुरुस्ती शिकून घेतली असती तो मिस्त्री परगावी आहे. प्लेटा शाबूत असतील, मोटारही ठीक असेल, पण एका बंद पडलेल्या कंट्रोलरमुळे सगळे उभे साहित्य निरुपयोगी होईल. ऐन निसव्यात आठ दिवस पाणी चुकले तर धानाच्या लोंब्या पोचट राहतात. मक्याला फुलोऱ्यात पाणी नसेल तर कणसात दाणा भरत नाही. तक्रार नोंदवून वाट पाहण्याएवढा वेळ पिकाकडे नसतो.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९७० च्या दशकात गावोगावी बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप भराभर मोडत होते. जालना आणि सोलापूर भागातल्या ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी, मजबूत पंप तयार झाला आणि त्याच धर्तीवर युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ आला. पंप दणकट झाला तरी दुरुस्तीसाठी पथकाची वाट पाहावी लागते, हे पुढे लक्षात आले. म्हणून नंतरच्या ‘मार्क थ्री’मध्ये सगळे पाइप वर न काढता पिस्टन आणि वॉशर बदलता येईल अशी रचना केली गेली. गावातल्या माणसाला उघडता यावे, हाच त्यामागचा विचार होता. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने तर शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायांना सौर दिव्यांची सर्किटे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. आपल्याकडे नळ योजनांसाठी ‘नल जल मित्र’ म्हणून गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आहे. नळाला जे तत्त्व लागू, ते सौर पंपाला का नसावे?

बाहेरचे जगही हेच सांगते. थंड देशांत घर उबदार ठेवणारे बॉयलर आणि त्यासारखी उपकरणे सरकारी अनुदानातून बदलली जातात आणि तिथेही छोटे स्वतंत्र कारागीर हीच तक्रार करतात की, काम मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांकडे वळते. ब्रिटनने सप्टेंबर २०२० मध्ये घरांसाठी हरित अनुदान योजना घाईने आणली. लक्ष्य ६ लाख घरांचे होते. प्रमाणपत्रांच्या अटींत बसणारे कारागीर पुरेसे नव्हते आणि ते तयार करायला वेळही दिला नव्हता. मार्च २०२१ मध्ये योजना बंद झाली तेव्हा काम सुमारे ४७,५०० घरांपुरतेच होणार, असे तिथल्या लेखापरीक्षकांनी नोंदवले. दुसरे टोकही आहे. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये छतांना उष्णतारोधक थर बसवण्याच्या अनुदान योजनेत अप्रशिक्षित हातांना मोकळे रान मिळाले आणि चार तरुण कामगार मेले. म्हणून आपली मागणी ‘कोणालाही काम द्या’ अशी नाही. आधी शिकवा, तपासा, दाखला द्या आणि मग काम द्या, अशी ती आहे. ऊन आहे तोवर सौर प्लेट वीज तयार करतच राहते. ती बटणाने थांबत नाही आणि पंपाच्या तारांत काही शे व्होल्टची एकदिश वीज असते. तिच्याशी खेळ चालत नाही.

तेव्हा प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे काम उचलावे.

शेतकऱ्यांनी

१. पंप बसवल्याची तारीख, कंपनीचे नाव, प्लेटा, मोटार व कंट्रोलर यांचे क्रमांक आणि विम्याचा कागद एका पिशवीत ठेवा. पाच वर्षे कोणत्या तारखेला संपतात, ते पंपाच्या खांबावर रंगाने लिहा.
२. बिघाड झाला की तोंडी सांगून थांबू नका. महावितरणकडे १९१२ वर किंवा कार्यालयात तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या आणि तो ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा. नोंद नसेल तर उद्या ‘तक्रारच नव्हती’ असे उत्तर मिळेल.
३. मुदतीतला पंप असेल तर कंट्रोलरचे सील फोडू नका. पाइप, फुटव्हॉल्व्ह, कुंपण, शेततळ्यावरची जोडणी अशी कामे मात्र गावातल्या मिस्त्र्यालाच द्या आणि त्याचे पैसे वेळेवर द्या.
४. मुदत संपण्याआधी दोन महिने सगळ्या संचाची तपासणी लेखी मागा.

मिस्त्री आणि आयटीआय झालेल्या मुला-मुलींनी

१. आपले नाव, शिक्षण आणि येणारी कामे ग्रामपंचायतीत नोंदवा. वीजतंत्री, तारतंत्री झालेल्यांनी केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षणाची चौकशी करा. वयाने मोठ्या मिस्त्र्यांसाठी जवळच्या आयटीआयमध्ये अल्पमुदतीचा वर्ग मागा.
२. लेखी आदेश आणि ठरलेला दर हाती आल्याशिवाय उपकंत्राटाचे काम घेऊ नका. एकेकटे राहाल तर दर पाडला जाईल. चार-पाच गावांचा एक गट करा, साहित्य आणि सुटे भाग एकत्र ठेवा.
३. एकदिश विजेच्या सुरक्षेचे शिक्षण घेतल्याशिवाय प्लेटांच्या जोडणीला हात लावू नका.

ग्रामसभांनी

पुढील मागण्यांचा ठराव घ्या आणि त्याची प्रत तहसीलदार, महावितरण व जिल्हाधिकारी यांना पाठवून पोच घ्या.

१. गावात बसलेल्या प्रत्येक सौर पंपाची यादी, कंपनी आणि पाच वर्षे संपण्याची तारीख यांसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.
२. प्रत्येक पुरवठादाराने तालुक्यातच, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक मिस्त्र्यांमार्फत सेवा द्यावी आणि त्यांच्याशी लेखी करार करावा.
३. दुरुस्तीसाठीची रक्कम पंप उभारताच पूर्ण देऊ नये. काही भाग राखून ठेवावा आणि शेतकऱ्याची सही असलेल्या प्रत्येक दुरुस्तीमागे तो सुटावा. त्यातला ठरलेला वाटा काम करणाऱ्याच्या खात्यात थेट जावा.
४. पाच वर्षे संपताच कंट्रोलरचा परवलीचा शब्द, बिघाडाच्या खुणांचा तक्ता आणि सुट्या भागांचे दरपत्रक शेतकऱ्याला मराठीत द्यावे.
५. पुढच्या पंपांसाठी छोट्या नोंदणीकृत कारागिरांना आणि त्यांच्या गटांना उभारणीचे काम घेण्याची वाट खुली करावी. घरांच्या छतावरील सौर योजनेत हे झाले आहे. तिथे अडीच लाख रुपयांच्या बँक हमीवर छोट्या व्यावसायिकाला नोंदणीची सोय झाली आणि अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात जाते. जे छतावर शक्य आहे ते शेतातही शक्य करता येईल.

अधिकाऱ्यांनाही एक विनंती. आपल्या आढावा बैठकीत ‘किती पंप बसले’ याचा रकाना असतो. त्याच्या शेजारी ‘आज किती चालू आहेत’ आणि ‘बंद पडलेला पंप किती दिवसांत सुरू झाला’ असे दोन रकाने वाढवा. मुलचेऱ्यासारख्या तालुक्याचे खरे चित्र त्यांतच दिसेल.

सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा. त्यातून आलेला पंप पाच वर्षांत भंगारात निघावा आणि त्यासोबत आपल्या पोरांच्या हातचा धंदाही जावा, हे आपण मुकाट्याने पाहायचे नाही. या आठवड्यात दोन कामे करा. आपल्या पंपाचे कागद शोधून तारीख तपासा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटून हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लेखी घालायला सांगा. ग्रामसभेला स्वतः या, शेजाऱ्याला आणा, घरातल्या बायांना आणा आणि गावातल्या मिस्त्र्याला पुढच्या रांगेत बसवा.