द्राक्षांना शेकोटी, बाईला ‘सवय’

दर वर्षी थंडी पडली की आमच्या नाशिक जिल्ह्याचा एक ठरलेला फोटो वर्तमानपत्रात येतो. द्राक्षाची बाग, पहाटेचा काळोख, ओळीओळीत पेटवलेल्या शेकोट्या, आणि वर मथळा: निफाड गारठले, बागायतदार धास्तावले. २०१८ च्या डिसेंबरात इथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला, तेव्हा तर बातमीदारांची रीघ लागली होती. घडांना तडे जातात, फुगवण थांबते, निर्यातीचा माल हातचा जातो. सगळं खरं आहे. शेतकऱ्याचं नुकसान व्हावं असं मलाही वाटत नाही. पण त्या शेकोट्या पेटवणारे हात रात्री कुठे निजले होते, हे कोणी विचारलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

मी सांगते. ते निजले होते बागेच्या बांधाला, पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर ताडपत्रीच्या झोपडीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरगाणा, पेठ या भागातून आदिवासी मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात. जोडीनं येतात, तान्ही पोरं घेऊन येतात. छाटणी, विरळणी, घड बुडवणं अशी कामं एकरी ठेक्यावर घेतात. संजीवकाच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा म्हणजे दिवसभर हात ओले. संध्याकाळी शेडवर यायचं तर वर पत्रा. उघड्या आभाळाखाली पत्रा रात्रीतून हवेपेक्षाही गार पडतो. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्याला खालून धरते आणि पहाटे थेंब थेंब अंथरुणावर गळते. पावसाळा संपून महिने झालेले असतात, आणि घरात गळती! हे मी ऐकून लिहीत नाही. दोन रात्री अशा शेडमध्ये काढल्यात. तिसऱ्या रात्री घरी निघून आले, कारण मला घर होतं.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. तालुक्याच्या एका बैठकीत एक साहेब म्हणाले, “गॅस दिला तरी या बायकांची चुलीची सवय काही सुटत नाही.” सभागृहात हशा पिकला. मी गप्प बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सवय? मैत्रिणींनो, चूल काय काय करते ते जरा मोजू या. भाकरी ती करते. आंघोळीचं पाणी ती तापवते. ओले कपडे, ओलं सरपण ती वाळवते. आणि रात्री निखारे विझेपर्यंत पोरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला ऊब ती देते. गॅस यातलं एकच काम परवडेल अशा रीतीने करतो, तेही सिलिंडर भरलेलं असेल तर. शेडवरची एक बाई मला म्हणाली, “ताई, गॅसवर भाकर होती, पन पोराला काय गॅसपाशी निजवू?” साहेबांच्या तक्त्यात या प्रश्नाला रकाना नाही.

शिवाय तिचं सिलिंडर आहे कुठे? गावाकडच्या घरात, कुलपात. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली. आठ कोटीवं कनेक्शन २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादला, समारंभाने दिलं गेलं. कनेक्शन बाईच्या नावावर, फोटोही बाईचा. पण २०२२-२३ मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेलं, आणि त्या वर्षी उज्ज्वलाच्या घरांत सरासरीने वर्षाला चार सिलिंडरसुद्धा भरली गेली नाहीत. हा आकडा सरकारचाच. अनुदान मिळतं, २०२३ च्या ऑक्टोबरात ते ३०० रुपये झालं. राज्याने २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केली. पण ‘मोफत’ म्हणजे आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि मग ते खात्यावर येण्याची वाट बघायची. ज्या घरात आठवड्याच्या बाजाराला उचल घ्यावी लागते, त्या घरानं एकरकमी पैसे आणायचे कुठून?

मग राहतं सरपण. पूर्वी छाटणीच्या काड्या मजूर बायका मोळी बांधून नेत. आता बरेच बागायतदार यंत्राने त्यांची कुट्टी करून बागेतच गाडतात. जमिनीला ते चांगलं आहे, मी नाकारत नाही. पण एका बाजूची ऊब गेली, याचा हिशेब कोणी मांडला?

कोणी म्हणेल, ही बाई चुलीचे गोडवे गाते आहे. मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने एकट्या २०२० सालात घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली. धूर नकोच. आणि धुराला घाबरून कोळशाची शेगडी दारं बंद करून झोपायच्या जागेत ठेवणं तर त्याहून घातक. त्या वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. गटाच्या बैठकीत हे पुन्हा पुन्हा सांगा.

पण आपणही थोडं आपल्याकडे बघू. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ ते २००२ चालला. आम्ही कार्यकर्त्यांनीही त्या निर्धूर चुली घरोघर बसवल्या, उत्साहाने. काही महिन्यांत बायकांनी कित्येक फोडून टाकल्या. जाळ आत कोंडला की खोलीत ऊब नाही, उजेड नाही. आम्ही त्यांना ‘प्रबोधन’ करत बसलो! म्हणजे साहेबांचं ते वाक्य आमच्या तोंडीही होतं, फक्त शब्द बरे होते.

तिकडे इंग्लंडमध्ये घर उबदार ठेवणं परवडत नाही याला गरिबीचा एक वेगळा प्रकार मानतात. २००० साली त्यांनी त्यावर कायदा केला. १९९७ पासून वृद्धांना हिवाळ्यात इंधनासाठी पैसे मिळतात. २०२४ मध्ये सरकारने ते बहुतेकांचे बंद केले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की २०२५ मध्ये माघार घ्यावी लागली. तिथेही गरिबांचे हाल आहेतच. पण थंडी हा सरकारला जाब विचारण्याचा विषय आहे. आपल्याकडे तो घोंगडी-वाटपाचा विषय आहे. हार, फोटो, एक ब्लँकेट. उरलेली ऊब बाईने जुनी लुगडी जोडून गोधडी शिवून भरून काढायची, तीही रात्री, सगळे निजल्यावर.

घरकुलाचंही तेच. सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. एवढ्यात भिंती होतात आणि वर पत्रा येतो. जुन्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या घराला आपण ‘कच्चं’ म्हणतो. त्यात गारवा कमी शिरायचा, हे त्यात राहिलेली कोणतीही बाई सांगेल. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचा, मातीने लिंपलेला माळा घातला तरी थेंब थांबतात, ऊब टिकते. त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम का नसावी?

आमच्या गटाने या वर्षी एवढं ठरवलं आहे. छाटणीचा एकरी भाव ठरतो तेव्हा बोलणी मुकादम आणि बागायतदार या दोन पुरुषांत होतात. यंदा टोळीतल्या दोन बायका त्या बोलण्यांना बसतील. भावासोबत तीन गोष्टी मागतील: शेडच्या पत्र्याखाली माळा, चुलीसाठी धुराला वाट असलेली आडोशाची पडवी, आणि मोसमात दोन सिलिंडर मालकाकडून. पहिल्याच बागायतदाराने ‘आजवर कोणी मागितलं नाही’ म्हणून सांगितलं. दुसरी बैठक येत्या गुरुवारी आहे. ज्यांना येता येईल त्यांनी या. शेडवरच मुक्काम आहे, पांघरूण आपलं आपण आणा.